बिनकाट्यांचा पाम

मागच्या मार्चमधल्या एका मंगळवारी, सकाळी अकराच्या सुमारास, भोपाळच्या बाग सेवनिया भागातल्या एका कॉलनीच्या बागेत पंख्यासारख्या पानांचा एक पाम तोडण्यात आला. त्याच्या खोडाला 'चायना पाम' अशी पाटी बांधलेली होती. तोडण्याचं कारण कागदोपत्री 'देठांवरील काटे' असं आहे. तो चायना पाम नव्हता आणि त्याच्या देठांवर एकही काटा नव्हता.

झाड ज्यांनी लावलं होतं त्यांच्या घरी वरच्या खोलीत मी तीन वर्षं भाडेकरू होते. मी त्यांना काका म्हणायचे. काका मूळचे नाशिकचे. एका कारखान्यातल्या नोकरीसाठी भोपाळला आले आणि कारखान्याच्या टाउनशिपमध्ये, पिपलानीच्या क्वार्टरमध्ये चौतीस वर्षं राहिले. कारखान्यात ते इन्स्पेक्शनला होते. तयार होऊन आलेला भाग मापायचा, नकाशाशी ताडून बघायचा, बरोबर असेल तर सही करायची, नसेल तर लाल टॅग बांधायचा, एवढं त्यांचं काम. निवृत्तीनंतरही त्यांनी ते सोडलं नाही. कारखान्याचे भाग होते, त्याजागी बाकीचं जग आलं.

शर्टाच्या खिशात पेनाच्या शेजारी जाडी मापायचं व्हर्नियर असे. भाजीवाल्याच्या गाडीवर ते काकडीची जाडी मापत. गॅसचं सिलिंडर आलं की काट्यावर चढवून बघितल्याशिवाय आत येत नसे. काकूंनी केलेली पोळी ते उजेडात धरून पाहत. काकू ग्वाल्हेरच्या, त्यांच्या मराठीत निम्मी हिंदी. त्या मला म्हणायच्या, "बारा पास, एक रिजेक्ट. आणि ती रिजेक्ट रोज माझ्याच थाळीत. चाळीस साल झाले, मी रिजेक्टच खाते आहे."

"म्हणून तब्येत चांगली आहे," काका म्हणत.

खोली बघायला गेले तेव्हा त्यांनी मला भाडं सांगितलं नाही, आधी माझी तपासणी केली.

"कुठे नोकरी?"

मी एका हिंदी दैनिकाचं नाव सांगितलं.

"काय लिहितेस?"

"शहराच्या बातम्या."

"पाहून लिहितेस की ऐकून?"

मी म्हटलं, दोन्ही.

"दोन्ही म्हणजे ऐकून." मग आत वळून ते काकूंना म्हणाले, "अगं, हिला खोली दाखव. मुलगी खोटं बोलत नाही."

हा प्रश्न पुढच्या तीन वर्षांत मी किती वेळा ऐकला याची गणती नाही. सकाळी पेपर आला की ते माझी बातमी शोधत आणि जिन्याखाली उभे राहून विचारत, "नाल्याची बातमी पाहून की ऐकून?" मी वरून उत्तर देई. ऐकून असली तर त्या बातमीच्या कोपऱ्यात ते पेन्सिलीने फुली मारत. पाहून असली तर काही करत नसत. शाबासकी देणं हे इन्स्पेक्शनचं काम नव्हतं.

पामची गोष्ट निवृत्तीच्या दिवशी सुरू झाली. त्यांच्या विभागात निवृत्त होणाऱ्याला शाल, नारळ आणि टाउनशिपच्या नर्सरीतलं एक रोप द्यायची पद्धत होती. काकांच्या रोपाला 'चायना पाम' असा टॅग होता. बाग सेवनियात घर बांधताना त्यांनी प्लॉटची सगळी जागा बांधकामात घालवली होती, मोकळी माती उरली नव्हती. म्हणून ते रोप फाटकासमोर, कॉलनीच्या बागेच्या कोपऱ्यात लागलं. हे बावीस वर्षांपूर्वीचं.

पाचव्या वर्षी एक वाळलेलं पान ओढून काढताना त्यांच्या लक्षात आलं की हाताला काही टोचलं नाही. नर्सरीतल्या चायना पामचं पान काढताना मजूर हाताला गोणपाट गुंडाळत, हे त्यांनी टाउनशिपमध्ये पाहिलेलं होतं. त्यांनी तो देठ घरात आणला, जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि दोन दिवस तिथून हलवू दिला नाही.

"चौतीस वर्षं दुसऱ्यांचे टॅग तपासले," ते मला म्हणाले होते, "आणि स्वतःच्या गळ्यात हार पडला तेव्हा हातातला टॅग न बघता घेतला."

यानंतर दोन वर्षं ते भोपाळमधले पाम तपासत फिरले. सिटी बसने पिपलानीच्या नर्सरीत गेले. तिथला माळी म्हणाला, "साहब, पाम तो पाम है." त्या माळ्याचं नाव ते मरेपर्यंत विसरणार नाहीत असं काकू सांगत. हॉटेलांच्या दारातल्या, बँकांच्या आवारातल्या, बंगल्यांच्या कुंपणाबाहेर डोकावणाऱ्या पामच्या देठांवरून ते हात फिरवत. चौकीदार हटकत. एका चौकीदाराने त्यांना चोर समजून बसवून ठेवलं. काका त्याला चायना पाम आणि त्याच्यासारखाच दिसणारा वॉशिंग्टोनिया पाम यांतला फरक समजावून सुटले. नव्हे, कंटाळून त्यानेच सोडलं.

होशंगाबाद रोडवरच्या एका मॅरेज गार्डनमध्ये त्यांनी भर स्वागत समारंभात वरपित्याला सांगितलं की, तुमच्या पत्रिकेत 'रॉयल पामच्या सान्निध्यात' छापलं आहे आणि इथे एकही रॉयल पाम नाही. रॉयल पामचं पान पिसासारखं लांब असतं, ही पंख्याची पानं आहेत. वरपिता हसला. काका हसले नाहीत. ते आहेराचं पाकीट परत खिशात घालून, न जेवता निघाले.

काकू रिक्षात म्हणाल्या, "लग्नाला गेला होतात की इन्स्पेक्शनला?"

"खोटं छापतात."

"अहो, मुलीचं नाव तर बरोबर छापलं होतं ना? बस झालं की."

राग त्यांना पटकन यायचा आणि तो कधी उतरलेला मी पाहिला नाही. तो साचत असे. ज्या दुकानदाराने एकदा वजनात मारलं, त्याच्या दुकानावरून ते अकरा वर्षं गेले नव्हते. मागच्या गल्लीने जात.

झाडाचं नाव त्यांना शेवटी सापडलं. सबाल. एका महाविद्यालयातल्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांनी पान, देठ आणि फळं हातात घेऊन खात्री केली. मी राहायला आले त्याच्या आधीची ही गोष्ट, पण तपासणी त्यांनी मला पूर्ण करून दाखवली. हिवाळ्यातली दुपार होती आणि मला ऑफिसला उशीर होत होता.

"डोळे मीट," ते म्हणाले.

"काका, मला निघायचंय."

"दोन मिनिटं. डोळे मीट आणि देठाच्या कडेवरून हात फिरव. खालून वर, मग वरून खाली."

मी फिरवला. कड गुळगुळीत होती, घासून ठेवलेल्या लाकडासारखी.

मग डोळे उघडायला सांगून त्यांनी बाकीचं दाखवलं. देठ पानापाशी संपत नव्हता. शिरेसारखा तो पानाच्या आत जवळजवळ टोकापर्यंत गेला होता आणि त्याच्यामुळे पूर्ण पान मधोमध वाकलं होतं. पानाच्या पट्ट्यांच्या फटींतून बारीक दोरे लोंबत होते. जुन्या पानांचे बुडखे खोडाला चिकटून राहिले होते आणि प्रत्येक बुडखा मधोमध उभा फाटून त्याची बेचकी झाली होती. खाली पडलेली फळं गोल, काळी, वाटाण्याएवढी.

"आता चल," म्हणून ते मला कॉलनीच्या दुसऱ्या टोकाला घेऊन गेले. तिथे रहिवासी समितीच्या सचिवांचं घर आहे. त्यांच्या फाटकाच्या दोन बाजूंना दोन पाम आहेत. काकांनी खिशातून रुमाल काढला, एका देठाला गुंडाळला आणि ओढला. रुमाल फाटला. देठाच्या खालच्या भागात दोन्ही कडांना वाकडे काटे होते. पानाच्या पट्ट्यांची टोकं रिबिनीसारखी लोंबत होती, दोरे नव्हते. खोडाला तपकिरी तंतूंची जाळी होती, बुडखे कुठेही फाटलेले नव्हते. फळं लांबट, निळसर.

"हा चायना पाम," ते म्हणाले. "आता तू हे पाहिलंस. ऐकलं नाहीस."

फाटलेला रुमाल त्यांनी घडी करून खिशात ठेवला. मी ऑफिसला चाळीस मिनिटं उशिरा पोचले.

त्यानंतरच्या वर्षी समितीने बागेतल्या झाडांना नावाच्या पाट्या लावल्या. पेंटरला नावांची यादी दिली होती. कोणतं झाड कोणतं हे त्याला कोणी दाखवलं नव्हतं. काकांच्या पामला 'चायना पाम' ही पाटी मिळाली. सचिवांच्या फाटकापाशी असलेले दोन पाम बागेच्या हद्दीत येत नसल्याने त्यांना पाटी मिळाली नाही.

काकांकडे एक लांबट वही होती. चुकीची वस्तू दिसली की तिच्यात क्रमांक घालून नोंद करायची, नोंदीची प्रत संबंधितांना द्यायची, पोच घ्यायची आणि दुरुस्ती झाली की नोंद बंद करायची, ही कारखान्यातली पद्धत त्यांनी कॉलनीत आणली होती. पामच्या पाटीची नोंद सातवी. समितीने प्रतीवर 'प्राप्त' असा शिक्का मारून दिला.

पाटी तारेने बांधलेली होती. पक्कड घेऊन कोणीही ती अर्ध्या मिनिटात काढू शकलं असतं. काकूंनी ते अनेकदा सुचवलं.

"टॅग ज्याने लावला त्यानेच काढायचा," काका म्हणत. "मी लिहिणार. काढणार नाही. दुसऱ्याचा टॅग मी काढला तर उद्या कोणीही माझा काढेल."

"इथे कारखाना आहे का?"

"नियम आहे."

मी तेव्हा कोटरा सुल्तानाबादला राहायला गेले होते. ऑफिस तिथून जवळ पडत होतं. महिन्या दोन महिन्यांनी काकूंचा फोन येई. पाटी अजून तशीच आहे, हे त्या शेवटी सांगत. वर्ष होत आलं.

फेब्रुवारीत सायकलवरून जाणाऱ्या एका मुलीच्या दंडावर पामच्या देठाने ओरखडा उठला. हे सचिवांच्या फाटकापाशी घडलं. मुलीच्या आईने समितीकडे तक्रार केली. तक्रारीत 'काँटेवाला पाम' असे शब्द आहेत, जागा लिहिलेली नाही. समितीच्या बैठकीत ठराव झाला की कॉलनीतला काटेरी चायना पाम काढून टाकावा. तो कोणता, हे बघायला पाट्यांची यादी काढली गेली. यादीत चायना पाम एकच होता.

समितीची प्रेसनोट एका शनिवारी दुपारी आमच्या ऑफिसला आली. ती माझ्या टेबलावर आली, कारण तो भाग माझ्याकडे होता. मी कॉलनीचं नाव वाचलं, 'काटेरी चायना पाम' वाचलं आणि सचिवांच्या फाटकापाशी असलेली झाडं माझ्या डोळ्यांसमोर आली. ती काटेरी होती, हे मला माहीत होतं. फाटलेला रुमालही मला आठवला. मी चार ओळींची बातमी केली. कोणतं झाड, हा प्रश्न मी विचारला नाही. फोन करायला एक मिनिट लागलं असतं.

बातमी रविवारी छापून आली. साडेसात वाजता काकांचा फोन आला.

"पाहून लिहिलंस की ऐकून?"

"प्रेसनोट होती, काका. पण बरोबर आहे ना? सचिवांच्या फाटकापाशी असलेले चायना पाम. तुम्हीच तर दाखवले होते."

"त्यांना पाटी नाही," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

मी लगेच सचिवांना फोन केला. ते पूजेला बसले होते. दुपारी त्यांनी उचलला आणि सांगितलं, "हाँ हाँ, देख लेंगे." मी ते खरं धरलं.

सोमवारी दुपारी काकांनी पाच मुद्द्यांचं हरकतीचं पत्र समितीला दिलं. देठ, शीर, दोरे, बुडखे, फळं. शेवटची ओळ अशी आहे: 'कृपया कोणीही एका जबाबदार व्यक्तीने येऊन देठावरून हात फिरवावा.' पत्र देताना झालेलं बोलणं मला काकूंनी सांगितलं आणि सचिवांनी ते नाकारलं नाही.

"अंकल जी, पेपर में छप चुका है. अब मैं क्या हाथ फेरूँ?"

"पेपरवालीने झाड पाहिलं नाही," काका म्हणाले. मराठीत म्हणाले. हिंदी त्यांना उत्तम येत होती. रागात ती सुटत असे.

"क्या बोले?"

"तुम्हीही पाहिलं नाही. तीनशे पावलं आहेत. चला."

"अंकल जी, आपका पेड़ से लगाव है, हम समझते हैं. परमिशन आ गई है. कल आदमी आएँगे."

महापालिकेकडे केलेल्या परवानगीच्या अर्जाची प्रत मी नंतर मिळवली. त्यात 'विदेशी, शोभेचे, काटेरी' असं वर्णन आहे. अर्जावर पाहणीची नोंद नाही, दाखल आणि मंजूर हे दोन्ही शिक्के त्याच सोमवारचे आहेत. पुरावा म्हणून माझ्या बातमीचं कात्रण जोडलेलं आहे.

त्या संध्याकाळी काकू पक्कड घेऊन बागेत गेल्या. पाटीच काढून टाकली तर उद्या माणसं येऊन शोधत बसतील, तेवढ्यात कोणीतरी वरचा अधिकारी गाठता येईल, असा त्यांचा हिशोब होता. तो चुकीचा नव्हता. तार कापायला त्या वाकल्या तेव्हा मागून काका आले आणि त्यांनी पक्कड काढून घेतली.

"अहो, झाड जाईल," काकू म्हणाल्या. "तुमचं झाड जाईल उद्या, आणि तुम्ही पाटी सांभाळा."

"उद्या जो येईल तो हात फिरवेल. हात फिरवला की प्रश्न संपला."

"आणि नाही फिरवला तर?"

"हातात कुऱ्हाड घेणारा माणूस झाडाला हात लावणारच," काका म्हणाले.

एवढं त्यांचं बरोबर निघालं. मंगळवारी दोन मजूर आले. त्यांतल्या वयाने मोठ्या मजुराला मी नंतर भेटले. त्याने हात फिरवला होता. काकांनी सांगितलं म्हणून नव्हे, काटे कुठे आहेत ते बघून फडकं गुंडाळायचं होतं म्हणून.

"काँटा तो इसमें है ही नहीं, बाबूजी," तो काकांना म्हणाला.

"तेच. तेच मी सांगतोय," काका म्हणाले. "फोन लगाओ. उनको बोलो."

मजुराने सचिवांना फोन लावला. सचिवांनी विचारलं, पाटीवर काय लिहिलं आहे. त्याने वाचून सांगितलं. सचिव म्हणाले, मग तेच आहे.

"पट्टी पे यही लिखा है, बाबूजी," मजूर म्हणाला. "हम क्या करें."

काका बाजूला झाले. काम पाऊण तास चाललं. पामला फांद्या नसतात, शेंडा गेला की झाड गेलं. बुंध्यातून ते पुन्हा फुटत नाही. खोड पडल्यावर मजुराने तार कापून पाटी काढली आणि समितीच्या खोलीत जमा केली. काकांनी पोच मागितली, ती त्याच्याकडे नव्हती.

काकूंचा फोन आल्यावर मी निघाले आणि बारा वाजता पोचले. काका फाटकाच्या आत खुर्चीवर बसले होते. मांडीवर एक तोडलेला देठ होता आणि ते व्हर्नियरने त्याची जाडी मापत होते. मी समोर उभी राहिले. काकूंनी पाणी आणून दिलं, बस म्हणाल्या नाहीत.

"काका, माझं चुकलं," मी म्हटलं.

त्यांनी आकडा वहीत लिहिला. मग मान वर केली.

"ऐकून लिहिणाऱ्याला मी काही म्हणत नाही," ते म्हणाले. "त्यांना माहीतच नसतं. तू पाहिलं होतंस."

सचिवांचा राग मला आला, आणि तो सोपा होता. तीनशे पावलं चालायची नव्हती म्हणून त्या माणसाने फोनवर पाटी वाचून घेतली. माझा स्वतःवरचा राग त्याहून जड आहे आणि त्याला जागा नाही. पण एक राग काकांवरचाही आहे, आणि तो मी त्यांच्यापासून एक वर्ष लपवला. पक्कड त्यांच्या हातात होती. अर्ध्या मिनिटाचं काम होतं. चौतीस वर्षं ज्या शिस्तीने त्यांनी चुकीचा माल अडवला, त्याच शिस्तीने त्यांनी चुकीची पाटी अकरा महिने झाडावर राहू दिली. हे मी काकूंना एकदा फोनवर बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, "मी हे त्यांना रोज ऐकवते. तू नको बोलूस. तुला तो हक नाही."

पार्किंगसाठी झाड तोडलं, असं काकूंचं म्हणणं आहे. त्याला पुरावा मिळाला नाही. त्या जागी आजही गाडी उभी राहत नाही.

बातमीच्या दुरुस्तीसाठी मी तीन वाक्यं लिहून दिली. झाडाचं नाव सबाल होतं. त्याला काटे नव्हते. बातमी देण्यापूर्वी झाड पाहिलं गेलं नव्हतं. डेस्कने पहिलं वाक्य ठेवलं. ते आतल्या पानावर छापून आलं.

त्या कात्रणाच्या आधारे समितीने जूनमध्ये काकांच्या सातव्या नोंदीवर कारवाई केली. नवी पाटी तयार झाली. खोड नसल्याने ती बुंध्याशेजारी जमिनीत रोवलेल्या लोखंडी सळईला बांधली आहे. तिच्यावर 'सबाल पाम' असं लिहिलेलं आहे. सचिवांच्या फाटकापाशी दोन्ही चायना पाम उभे आहेत. त्यांना पाटी नाही.

काका माझ्याशी बोलत नाहीत. वही मला काकूंनी दाखवली. सातव्या नोंदीपुढे 'दुरुस्ती झाली. प्रत्यक्ष पाहिली. नोंद बंद.' असं लिहिलं आहे. खाली त्यांची सही आणि तारीख आहे.